शून्य झाल्याशिवाय कुलूप नाही

दूध डेअरीचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, माझा साडेनवाला. मधल्या चार तासांत जे काही बिघडतं त्याचा फोन मला अंथरुणात येतो. डिसेंबर २०१८ मधल्या त्या दिवशी आण्णांचा आला तेव्हा सात वाजायचे होते.

"साहेब, काल रात्रीचं दूध कुठं सांडलं ओ?"

आण्णा म्हणजे पन्हाळा तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव. मी कोल्हापुरात बसून त्यांच्यासाठी ॲप करत होतो. काम दिसायला किरकोळ. सभासदाचा नंबर टाकायचा, लिटर टाकायचे, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) टाकायचं, ॲप दर लावतं, छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर पावती निघते. नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये बसते आणि नेट मिळालं की मागच्या मागे सर्व्हरवर जाते. दर दहा दिवसांनी सर्व्हरवरच्या नोंदींवरून बिलं निघतात. 'मागच्या मागे' हे शब्द मी कोटेशनमध्ये किती सहज लिहून गेलो होतो! पुढची दीड-दोन वर्षं मी त्याच शब्दांचं व्याज फेडलं.

झालं असं होतं, की दहाव्या दिवसाची संध्याकाळची पाळी सर्व्हरवर पोचलीच नव्हती. रात्री बिल निघालं, सकाळी याद्या छापल्या आणि ३८ जणांच्या बिलात एक पाळी कमी. गावात दुधाचा हिशेब कोणी विसरत नाही. बायकांनी पावत्या रबर लावून जपून ठेवलेल्या होत्या, त्या घेऊन सगळ्या आण्णांच्या टेबलाशी उभ्या. नशीब एवढंच, की नोंदी फोनमध्ये शाबूत होत्या. आण्णांनी ॲप उघडलं मात्र, आणि आम्ही बोलत असतानाच सगळ्या नोंदी भराभर वर आल्या. म्हणजे कोड चालत होता. पण कोणी फोनकडे बघत असलं तरच चालत होता.

मी काय लिहून ठेवलं होतं ते सांगतो. एक सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा ॲपचा भाग, तिच्यात एक टायमर, दर दोन मिनिटांनी उठायचं, न गेलेल्या नोंदी शोधायच्या, पाठवायच्या. माझ्या टेबलावर हे महिनाभर बिनतक्रार चाललं होतं. रात्रभर फोन ठेवून सकाळी सर्व्हरचा लॉग बघायचो. दर दोन मिनिटांनी हजेरी, एकही चुकलेली नाही. मी खूश.

घोटाळा यूएसबीच्या केबलमध्ये होता. माझा फोन कायम लॅपटॉपला जोडलेला, म्हणजे कायम चार्जिंगवर, आणि डेव्हलपर सेटिंगमध्ये स्क्रीन चालू ठेवायचा पर्याय टिचकावलेला. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये डोझ नावाचा प्रकार आहे. फोन चार्जिंगवर नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो एका जागी पडून आहे, असं काही वेळ चाललं की यंत्रणा ॲपचं नेट तोडते, अलार्म पुढे ढकलते, वेकलॉकला, म्हणजे 'फोन जागा ठेव' या ॲपच्या विनंतीला, विचारत नाही. मधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडते, तेवढ्यात सगळ्यांनी आपापली कामं उरकायची, परत खिडकी बंद. फोन जितका जास्त वेळ पडून राहील तितक्या या खिडक्या लांब लांब जातात. अँड्रॉइड ७ पासून याचा एक सौम्य अवतार आला, तो फोन खिशात हिंडता असला तरी लागू होतो. वरून अँड्रॉइड ८ ने साधी सर्व्हिस मागे फार वेळ जगू द्यायचीच नाही असं ठरवलं. ॲप पडद्यावरून गेलं की काही मिनिटांत सर्व्हिसही जाते.

यातलं एकही माझ्या टेबलावर घडणं शक्य नव्हतं. मी ज्या फोनवर तपासत होतो तो कधी झोपतच नव्हता. आण्णांचा फोन रात्रभर देवघराच्या फडताळात पडून असायचा, चार्जरविना, कारण चार्जर डेअरीत.

खरं तर हे सगळं लिहिलेलं होतं, वाचायला मिळत होतं. मी वाचलं नव्हतं. चालतंय ना, मग कशाला वाचा.

पुढचे तीन महिने मी जे केलं त्याला भांडण म्हणावं लागेल. फोन झोपतो काय, मी त्याला उठवणार. आधी अलार्म लावले. डोझमध्येसुद्धा वाजेल अशा जातीचा अलार्म मिळतो, पण तोही एका ॲपला साधारण नऊ मिनिटांत एकदाच. दहा मिनिटांचा लावला. अलार्म वाजायचा, ॲप उठायचं, पण डोझमध्ये नेट नसायचं. दारावरची बेल वाजून उठावं आणि बाहेर कोणीच नसावं, तसं. मग फोरग्राउंड सर्व्हिस केली. ही म्हणजे मागे चालणारं काम उघडपणे चालवायची सोय: वर पट्टीत कायमची एक सूचना दिसते, 'दूध नोंदी पाठवत आहे', आणि त्या बदल्यात यंत्रणा तुम्हाला सहजी मारत नाही. सोबत वेकलॉक घेतला. आता मात्र नोंदी जायला लागल्या. मी पाठ थोपटून घेतली.

आठवड्याने आण्णांचा फोन. "साहेब, फोन तापतोय. आणि ते वर सारखं दूध पाठवतंय, पाठवतंय म्हणतंय. दूध तर टँकरनं जातं."

मी म्हटलं, "आण्णा, ते तसंच राहू द्या. ते दिसतंय म्हणून काम चालू आहे."

"नातवानं कालच काढून टाकलंय."

नातवाने ती सूचना बंद केली होती आणि बॅटरी सेव्हर कायमचा चालू करून दिला होता. पोरगं बरोबर होतं. डेअरीत पहाटे लाइट जाते, तेव्हा अख्खी पाळी फोनच्या बॅटरीवर काढायची असते. दिवसातून दोनदा चाळीस मिनिटं काम असणाऱ्या ॲपसाठी मी चोवीस तास दिवा जळत ठेवला होता. तो फोन आण्णांचा होता आणि माझं ॲप त्यात भाडेकरू, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा गेलं. भाडेकरूने घरमालकाला किती वाजता झोपायचं ते सांगू नये.

२०१९ च्या उन्हाळ्यात सगळं उखडून वर्कमॅनेजरवर, म्हणजे अशी मागची कामं सांभाळणाऱ्या तयार लायब्ररीवर, आणलं. गूगलने ते २०१८ मध्ये जाहीर केलं होतं आणि मार्च २०१९ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. त्याचा स्वभाव वेगळा आहे. 'आत्ता कर' असं त्याला तेव्हा म्हणता येत नव्हतं. 'हे काम आहे, नेट असेल तेव्हा कर, जमलं नाही तर परत कर' अशी चिठ्ठी त्याच्याकडे टाकायची. चिठ्ठ्या तो स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यामुळे ॲप मेलं, फोन बंद करून चालू केला, तरी चिठ्ठी राहते. कधी करायचं ते मात्र तो आणि फोन मिळून ठरवतात. मी आधी पाच मिनिटांनी परत परत करायचं काम टाकलं. त्याने ते १५ मिनिटांचं केलं आणि लॉगमध्ये एक बारीक इशारा लिहून ठेवला; पुनरावर्ती कामाची किमान मुदत तेवढीच आहे. आणि ते १५ सुद्धा घड्याळाचे नव्हेत. १५ च्या आत नाही, एवढंच. डोझमध्ये त्याचे दोन तासही होतात.

इथून पुढच्या चुका मी केल्या त्या वर्कमॅनेजर वापरूनच. म्हणजे हत्यार योग्य आणि धरलेलं उलटं.

पहिली फालतू. चिठ्ठीसोबत थोडा डेटा देता येतो, म्हणून मी पाळीच्या सगळ्या नोंदी चिठ्ठीतच कोंबल्या. मर्यादा १० केबीची. माझ्या चाचणीत पाच नोंदी असायच्या. खऱ्या डेअरीत शंभराच्या वर गेल्या आणि ॲप धाडकन बंद. चिठ्ठीत फक्त पाळीचा क्रमांक टाकायचा आणि नोंदी डेटाबेसमधून काढायच्या, हे दुपारभरात निस्तरलं.

दुसरी जास्त लबाड निघाली. एकाच नावाचं काम दोनदा रांगेत जाऊ नये म्हणून कामाला नाव देता येतं, आणि त्याच नावाचं काम आधीपासून असेल तर काय करायचं तेही सांगता येतं: जुनं ठेव, किंवा जुनं काढून नवं घाल, किंवा जुन्याच्या मागे जोड. मी निवडलं 'जुनं काढून नवं घाल'. वाटलं, ताजं ते चांगलं. आता डेअरीची गर्दी डोळ्यांसमोर आणा. सहा ते साडेसहा, दारात किटल्यांची रांग, दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक माप. प्रत्येक मापाला नोंद, प्रत्येक नोंदीला नवी चिठ्ठी, आणि प्रत्येक नवी चिठ्ठी आधीचं चालू काम मध्येच तोडून टाकणारी. डोंगराकडेचं नेट, एक खेप वर जायलाच मिनिट लागायचं. म्हणजे गर्दी असेतोवर एकही खेप पुरी व्हायची नाही. जेवढं जास्त दूध, तेवढं कमी पोचायचं. हे मला कोल्हापुरात कधी दिसलंच नाही, कारण माझं वायफाय एका सेकंदात खेप संपवायचं.

बदलून 'जुनं ठेव' केलं, आणि काम संपवताना परत एकदा डेटाबेस बघून काही उरलंय का ते तपासायला लावलं. नाहीतर काम चालू असताना पडलेली नोंद कोणीच उचलत नाही. तरी शेवटची तपासणी आणि काम संपणं यांच्या मधल्या फटीत एखादी नोंद पडू शकते. त्यासाठी ते १५ मिनिटांचं पुनरावर्ती काम मागे राखणदार म्हणून ठेवून दिलं. आता सगळं भक्कम आहे असं वाटलं.

मग ऑगस्ट आला. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापूर-सांगलीकडे कोणाला सांगावा लागत नाही. पंचगंगा शहरात शिरली, हमरस्ता बंद पडला, मी शाहूपुरीतल्या मित्राच्या तिसऱ्या मजल्यावर अडकलेलो. आण्णांचं गाव चढावर, पुराचं पाणी तिथे पोचलं नाही. पण लाइट गेली, टँकर बंद, दोन दिवस संकलन बंद. त्याच्या आदल्या दिवशीच्या दोन पाळ्या फोनमध्ये होत्या. टॉवर मध्येच यायचा, दोन काड्या दाखवायचा, काही पलीकडे जाऊ द्यायचा नाही, परत गुडूप. चौथ्या दिवशी टॉवर नीट चालू झाला. आण्णांनी व्हॉट्सॲपवर मला पाण्याचे फोटो पाठवले, एक व्हिडिओ पाठवला. दूध मात्र येईना. ॲप उघडलं, बंद केलं, परत उघडलं, नाही.

व्हिडिओ येतो आणि इवलीशी नोंद येत नाही! मी मेणबत्तीच्या उजेडात कोड वाचत बसलो. लॅपटॉपची बॅटरी ४० टक्के, त्यामुळे वाचनही एकाग्र झालं.

काम फसलं की वर्कमॅनेजर लगेच परत करत नाही. आधी ३० सेकंद थांबतो, मग एक मिनिट, मग दोन, चार, आठ, असं दुप्पट दुप्पट करत जातो आणि जास्तीत जास्त पाच तासांवर अडतो. हा शहाणपणाच आहे. सर्व्हर आजारी असताना हजार फोनांनी दर सेकंदाला दार वाजवू नये. पण आमच्या टॉवरच्या त्या लपंडावात काम इतक्या वेळा फसलं होतं, की दोन प्रयत्नांतलं अंतर चार-पाच तासांवर गेलं होतं. बरं, आण्णांनी ॲप उघडलं की मी नवी चिठ्ठी टाकत होतो ना? टाकत होतो. पण नियम 'जुनं ठेव'. जुनं काम रांगेत पाच तासांची झोप काढत पडलेलं, आणि ते आहे म्हणून नवं दारातूनच परत. मी एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडलो होतो आणि दोन्ही खड्डे मीच खणलेले.

उपाय शेवटी चार ओळींचा. ॲप उघडलं की आधी जुन्या कामाची अवस्था विचारायची. खरंच चालू असेल तर हात लावायचा नाही. नुसतं रांगेत वाट बघत असेल तर ते काढून नवं घालायचं. शिवाय दुपटीचा हिशेब सोडून थांबण्याचा वेळ सरळ चढता ठेवला, म्हणजे एक मिनिट, दोन, तीन. एका संस्थेचा एक फोन. सर्व्हरला त्याचा काय जाच होणार?

पूर ओसरल्यावर एक नवीच तक्रार आली, आणि ती सभासदांकडून आली नाही यातच सगळं आलं. शीतकरण केंद्रावर टँकरमधलं दूध भरलं ६१२ लिटर आणि आमच्या ॲपच्या हिशेबात ६५५. नोंद सर्व्हरवर पोचलेली असायची, पण 'पोचली' हा निरोप परत येताना नेट तुटायचं. फोनला वाटायचं गेली नाही. तो परत पाठवायचा. सर्व्हर इमानदारीत दुसरी नोंद करायचा. एका बाईंच्या खात्यावर ६.४ लिटर म्हशीचं दूध एकाच संध्याकाळी तीनदा. दूध कमी लागलं तर गावात पाच मिनिटांत कळतं. जास्त लागल्याचं तीन आठवडे कोणी बोललं नाही. मी कोणाला दोष देत नाही, माझ्या खात्यात चुकून पैसे आले तर मीही आधी चहा पिऊनच बँकेला फोन करीन.

तेव्हापासून प्रत्येक नोंदीला फोनवरच, नोंद होतानाच, एक न बदलणारा क्रमांक मिळतो. तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर म्हणतो, 'मिळालंय, पुढे चला,' आणि दुसरी नोंद करत नाही. परत करता येणारं काम म्हणजे दोनदा झालं तरी चालणारं काम. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मागे चालणाऱ्या कामात बाकी काही नाही केलं तरी एवढं करा.

इतकं सगळं होऊनही महिन्यातून एक-दोन पाळ्या अडकायच्या. नेट चांगलं, फोन चार्ज, तरी अडकायच्या. मी आतापर्यंत फोन झोपवून तपासायला शिकलो होतो. त्यासाठी एडीबीच्या, म्हणजे लॅपटॉपवरून फोन चालवायच्या साधनाच्या, आज्ञा आहेत: एकीने फोनला चार्जर काढल्याची बतावणी करता येते, दुसरीने थेट डोझमध्ये ढकलता येतं, तिसरीने ॲपला 'क्वचित वापरलं जाणारं' या पंक्तीत बसवता येतं. सगळ्यात पास. शेवटी एका शनिवारी पहाटेच गाडी काढली आणि साडेपाचला डेअरीच्या दारात जाऊन उभा राहिलो. हे मी वर्षभर का केलं नाही, याचं माझ्याकडे उत्तर नाही.

आण्णांचा फोन काट्याशेजारी एका स्टीलच्या डब्यावर टेकवलेला. स्क्रीनवर प्लास्टिकची पिशवी, कारण हात दुधाचे. डाव्या हाताने किटली ओतायची, उजव्या हाताच्या करंगळीने, पिशवीवरून, नंबर दाबायचा. बाकी बोटं ओली. शेवटची म्हातारी आली, दीड लिटर घातलं, पावती कमरेला खोचली. आण्णांनी फडक्याला हात पुसले, पिशवी काढली आणि अंगठ्याने एकच हालचाल केली: सगळी उघडी ॲप समोर आणली आणि खालचं फुलीचं बटण दाबलं. सुर्रकन सगळं साफ. फोन खिशात. शटर खाली.

"आण्णा, हे काय केलंत?"

"काय केलं? फोन हलका केला. दुकानवाल्यानं सांगितलंय, काम झालं की झाडून काढायचं."

शेवटची नोंद आणि ते झाडणं यांच्यात पाच सेकंदही नव्हती. साध्या अँड्रॉइडमध्ये असं झाडल्याने वर्कमॅनेजरच्या चिठ्ठीला काही होत नाही. ते काम नंतर यथावकाश होतं. पण काही कंपन्या बॅटरी वाचवायला आपल्या पदरची भर घालतात, आणि आण्णांचा तालुक्यातून घेतलेला स्वस्तातला फोन त्यांतला. त्यावर झाडलं म्हणजे जबरदस्तीने बंद केल्यासारखंच. अशा बंद केलेल्या ॲपची कामं, अलार्म, सगळं थांबतं. माणूस स्वतः ॲप उघडेपर्यंत थांबतं. सर्व्हरवरून धक्का देणारा संदेश पाठवला तरी तो पोचत नाही. आण्णा पुन्हा ॲप उघडणार ते पुढच्या पाळीला, आणि बिल कधीकधी त्याआधीच निघालेलं.

त्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट नावाची एक सेटिंग खोलवर पुरून ठेवलेली असते. ती चालू केली, बॅटरीच्या यादीत ॲपला सूट दिली. मोठ्या अक्षरात चित्रांसकट कागद करून सगळ्या संस्थांच्या भिंतीवर चिकटवला. दोन महिन्यांनी फोनचं अपडेट आलं आणि सेटिंग पूर्ववत. कागद भिंतीवर आहे अजून.

परतीच्या वाटेवर बांबवड्याला चहाला थांबलो, तेव्हा कागदावर खरडलं ते असं: ते पाच सेकंद आण्णांना दाखवायचे. मी वर्षभर काम लपवण्याची धडपड करत होतो, 'मागच्या मागे' जायला हवं म्हणून. सचिव मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाळी संपली की वहीला बेरीज मारून, खाली रेघ ओढून, मगच उठतात. ॲपमध्ये ती रेघच नव्हती. मग 'पाळी बंद करा' असं बटण आलं. ते दाबलं की पूर्ण पडद्यावर एकच मोठा आकडा: अजून एवढ्या नोंदी जायच्यात. आकडा उतरत जातो. शून्य झाला की पडदा हिरवा. ॲप समोर उघडं असल्याने डोझ नाही, मर्यादा नाही, काही नाही. काम तिथल्या तिथे होतं. वर्कमॅनेजर आहे, पण आता तो राखीव गडी. आणि पाळी बंद होताना फोन सर्व्हरला एकूण नोंदी आणि एकूण लिटर सांगतो. सर्व्हरकडे तेवढं जमलेलं नसेल तर त्या संस्थेचं बिल निघतच नाही, आणि मला मेसेज येतो. नोंद उशिरा आली तर चालतं आता. गुपचूप न आलेली चालत नाही.

टँकरच्या चलनाचा फोटोही आम्ही याच खेपेत पाठवत होतो, तो इथेच बाहेर काढला. एक काम साधारण दहा मिनिटांत संपलं नाही तर थांबवलं जातं, आणि खराब नेटवर फोटो तेवढा वेळ खायचा. परत पहिल्यापासून, परत दहा मिनिटं, आणि मागे नोंदी ताटकळत. फोटो आता वेगळ्या कामात, वायफाय आणि चार्जर दोन्ही असतील तेव्हा जातो. घाई कोणाला आहे?

पुढे नियम आवळतच गेले. अँड्रॉइड १२ ने ॲप मागे असताना फोरग्राउंड सर्व्हिस सुरू करायलाच जवळपास बंदी घातली, १४ ने प्रत्येक सर्व्हिसचा प्रकार जाहीर करायला लावला, १५ ने डेटा पाठवण्याच्या प्रकाराला दिवसात सहा तासांची मर्यादा घातली. माझ्या जुन्या चोवीस तासांच्या दिव्याचं काय झालं असतं ते दिसतंच आहे. आम्हाला यातलं काही लागलं नाही. चेअरमनसाहेबांनी आयफोन घेतला तेव्हा त्यांच्यासाठी आकडे बघायचं ॲप केलं. तिथे आयओएस १३ पासून काम नोंदवायची सोय आहे. तिला 'याच्या आधी नको' असं सांगता येतं, 'यावेळी कर' असं नाही. साहेबही ॲप झाडून काढतात. त्यांनाही सरळ सांगितलं, उघडाल तेव्हा ताजं होईल.

शून्याची सवय आण्णांना लागली, म्हणजे फारच लागली. शटरच्या आतल्या बाजूला त्यांनी खडूने लिहून ठेवलं: शून्य झाल्याशिवाय कुलूप नाही. मापाडी नवीन पोरगा आहे, त्याच्यासाठी. नेट नसेल तर आण्णा फोन घेऊन मारुतीच्या कट्ट्यापर्यंत चालत जातात, तिथे टॉवर धरतो, आकडा उतरवून परत येतात.

परवा मी तिथेच होतो. संध्याकाळची पाळी संपली, बटण दाबलं, ६३ वरून आकडा धडधड उतरला, आणि एकावर थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कट्ट्यापर्यंत जाऊन आलो. एकच.

मी फोन हातात घेऊन नोंद उघडली. सभासद क्रमांक ९९९, दोन लिटर, फॅट ६.० आणि एसएनएफ ९.०, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. दुपारी प्रिंटर तपासताना मीच टाकलेली. संस्थेत ९९९ नंबरचा सभासद नाही. सर्व्हर दर वेळी ती नोंद नाकारत होता, आणि माझा कोड 'नेट खराब असेल' असं समजून इमाने इतबारे परत परत पाठवत होता. नाकारलेलं आणि न पोचलेलं यात फरक करायला मी विसरलो होतो.

आण्णा किल्ली हातात घेऊन दारात उभे होते.

"साहेब, ह्या ९९९ ला एक तर सभासद करून घ्या, नाहीतर मला घरी जाऊ द्या."

मी दुधाच्या कॅनवर लॅपटॉप उघडला.